मरोळमध्ये कार्डिगन कशाला?

मुंबईत थंडी पडते कुठे, हा प्रश्न कार्डिगनचा विषय निघताच विचारला जातो, आणि आकडे पाहिले तर तो रास्तही आहे. मरोळला जवळची वेधशाळा सांताक्रूझची. तिथल्या नोंदींप्रमाणे जानेवारीत सरासरी किमान तापमान सतरा अंशांच्या आसपास असते आणि दुपारी पारा तिशी ओलांडतो. २२ जानेवारी १९६२ रोजी तिथे ७.४ अंशांची नोंद झाली होती. पण साठ वर्षांपूर्वीच्या एका पहाटेसाठी कोणी कपाट भरत नाही. आरेची झाडी जवळ असल्याने मरोशीच्या बाजूला पहाटे गारवा जरा जास्त लागतो, तरी दहा वाजेपर्यंत तोही ओसरतो. म्हणजे निव्वळ थंडीचा कपडा म्हणून पाहिले, तर मरोळकराला स्वेटर वर्षातले मोजकेच दिवस लागेल. असे असूनही अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या ऑफिसात ऐन मे महिन्यात डोकावले, तर खुर्च्यांच्या पाठींवर बटणांचे, पुढून उघडणारे स्वेटर टांगलेले दिसतात. बायकांच्या खुर्च्यांवर दिसतात, तसे पुरुषांच्याही. हा कपडा इथे टिकला तो दिवसातून पाच-सहा वेळा बदलणाऱ्या हवेमुळे. हे एकदा मान्य केले की कोणता घ्यावा, किती जाड घ्यावा आणि कसा जपावा, या प्रश्नांची उत्तरे बदलतात. आणि दुकानदार ‘एकदम गरम आहे’ म्हणत जो माल पुढे सरकवतो, तो बहुधा आपल्या उपयोगाचा नसतो.

ही बदलती हवा माणसांनीच तयार केली आहे. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवा नियंत्रित करणारे यंत्र आखले, तेव्हा त्याच्यासमोर माणसांच्या सुखाचा प्रश्न नव्हता. दमटपणामुळे कागद फुगत-आकसत होता आणि छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते. मरोळचा इतिहासही याच वळणाने गेला. १९७३ साली सीप्झ उभे राहिले ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. पुढे दागिन्यांचे कारखाने आले, सॉफ्टवेअर आले, आणि एमआयडीसीतल्या गाळ्यांच्या जागी एकेक करून काचेच्या इमारती चढल्या. काचेतून आत शिरणारे ऊन मारण्यासाठी गारवा वाढवायचा, आणि मग खिडकीपासून दूर बसलेल्यांनी कुडकुडायचे, हा तिथला नित्याचा प्रकार. त्यात प्रवासाची भर पडली. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून मरोळ नाक्याला भुयारी मेट्रोही येऊन मिळाली. घाटकोपरहून मरोळला कामाला येणारा माणूस घरच्या पंख्याखालून रिक्षात, रिक्षातून मेट्रोच्या गारव्यात, तिथून नाक्यावरच्या घामट गर्दीत आणि मग ऑफिसच्या बावीस-तेवीस अंशांत शिरतो. दुपारी चहाच्या टपरीपर्यंत जाऊन येतो आणि संध्याकाळी हीच वाट उलट तुडवतो. अशा दिवसाला एकच एक ऊब देणारा कपडा निरुपयोगी ठरतो. हवा तो असा, की चालता चालता, आरशाविना, एका हातात पिशवी असतानाही घालता-काढता यावा, आणि अर्धा उघडा ठेवला तरी गबाळा दिसू नये.

पुढून उघडणाऱ्या कपड्याचा हा फायदा आपल्याकडे जुना आहे. बंदांनी बांधायची बाराबंदी, नंतरची बंडी, जाकीट, हे सगळे छातीवर उघडणारे कपडे, आणि उकाडा वाढला की मोकळे करता येणारे. पाश्चात्त्य स्वेटर आपल्याकडे आला तेव्हा डोक्यातून घालायच्या प्रकारापेक्षा बटणांचा प्रकार बायकांनी जास्त आपलासा केला, याचे कारणही सरळ आहे. अंबाडा, गजरा, कानातले, चष्मा आणि खांद्यावरचा पदर एवढे सगळे सांभाळून गळ्यातून कपडा ओढणे ही शिक्षाच. नऊवारी किंवा सहावारीवर बटणांचा स्वेटर घालून पहाटे दुधाच्या रांगेत उभी राहिलेली आजी ही महाराष्ट्राच्या शहरांत कित्येक वर्षे सहज दिसणारी गोष्ट होती. पुरुषांच्या बाजूने हा कपडा आला तो लष्करातून. लॉर्ड कार्डिगनचे नाव क्रिमियाच्या युद्धानंतर त्याला चिकटले, ती कथा फॅशनवरच्या लेखांत इतक्यांदा येते की इथे ती सोडून देऊ. महत्त्वाचे इतकेच, की पुरुषांचा हा कपडा कोको शानेलसारख्यांनी १९२० च्या दशकात बायकांच्या कपाटात रुजवला आणि आकार फारसा न बदलता तो दोन्हीकडे राहिला. स्त्री आणि पुरुष दोघांनी घालावा, आणि कोणी कोणाचा घातला हे चटकन लक्षातही येऊ नये, असे कपडे थोडे. बटणे उजवीकडे की डावीकडे एवढाच काय तो भेद, आणि खरेदी करताना त्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. बायकांच्या विभागात मोठे माप मिळत नसेल तर पुरुषांच्या विभागात शोधावे. बारीक चणीच्या पुरुषांनी उलट करावे.

आता जाडीचा प्रश्न, कारण सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. कपड्याची ऊब मोजण्यासाठी १९४१ साली ‘क्लो’ नावाचे एकक मांडले गेले. स्वस्थ बसलेल्या माणसाला एकवीस अंशांच्या खोलीत सुखकर वाटेल एवढी कपड्यांची ऊब म्हणजे एक क्लो; ढोबळमानाने पूर्ण सुटाइतकी. इमारतींची वातानुकूलन व्यवस्था आखणारे अभियंते ज्या तक्त्यांवर गणित करतात, त्यांत अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला ०.१९ क्लो दिलेले आहेत, पूर्ण बाह्यांच्या पातळ स्वेटरला ०.२५ आणि जाड स्वेटरला ०.३६. बसून काम करणाऱ्या माणसासाठी दर ०.१ क्लोमागे सुखकर तापमान साधारण ०.६ अंशाने खाली सरकते. यावरून हिशेब करा: पातळ कार्डिगन दीड अंशाचा गारवा पेलतो, जाड कार्डिगन दोन अंशांपेक्षा थोडा जास्त. दोघांत फरक पाऊण अंशाचाही नाही. त्या पाऊण अंशासाठी आपण जवळजवळ दुप्पट वजन उचलतो, बॅगेत दुप्पट जागा अडवतो, आणि रिक्षा सिग्नलला थांबली की तो काढून मांडीवर घेऊन बसतो. शिवाय जाड विणीचा कपडा शर्टावर फुगतो, बटणे लावली की पोटावर ताणतो. महाबळेश्वरला किंवा नाशिकच्या डिसेंबरात त्याला अर्थ आहे. मरोळच्या ऑफिसासाठी नियम सोपा: घडी घातल्यावर जो टिफिनच्या डब्याशेजारी मावतो, तो घ्यावा. दुकानात हातात धरून उजेडापुढे ताणून पाहावा. वीण एकसारखी आणि दाट, पण कापड पातळ, असे हवे. कोणाकडून विणून घेणार असाल तर बारीक लोकर आणि दहा-अकरा नंबरच्या सुया सांगाव्यात, काठ बारा नंबरवर. आठ नंबरवर विणलेला स्वेटर लवकर होतो, पण तो इथे कपाटातच राहतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. एसीचे तापमान वाढवा ना, त्यापायी लोकांनी स्वेटर का घालायचे? उन्हाळ्यात लोकर घालून बसणे हा वेडेपणा आणि विजेची नासाडी, यात वाद नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे एसी एक अंशाने वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या घरगुती एसींवर सुरुवातीचे तापमान चोवीस अंश ठेवणे बंधनकारक झाले आहे. तेव्हा जिथे रिमोट तुमच्या हातात आहे, तिथे आधी रिमोट उचलावा. पण ऑफिसात तो हातात नसतो, आणि असला तरी भांडण मिटत नाही. मास्ट्रिक्टच्या दोन संशोधकांनी २०१५ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात दाखवून दिले, की इमारतींच्या तापमानाच्या गणितात चाळिशीचा, सत्तर किलो वजनाचा पुरुष धरलेला आहे, आणि त्यामुळे बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता पस्तीस टक्क्यांपर्यंत फुगवून धरली जाते. म्हणजे ‘तुलाच कशी थंडी वाजते?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने आपले गणित तपासावे. हे गणित सुधारले तरी डक्टच्या थेट खाली बसलेला आणि काचेजवळ उन्हात बसलेला, ताप येऊन गेलेला आणि नुकताच जिना चढून आलेला, यांना एकच तापमान मानवणार नाही. गार वाटणारा माणूस अंगावर काही चढवू शकतो. उकडणाऱ्याला मात्र शर्टापलीकडे काही उतरवता येत नाही. त्यामुळे तडजोड तापमान चोवीस-पंचवीसवर नेऊन, आणि ज्यांना तेही गार वाटते त्यांनी दीड अंशाचा पातळ कपडा जवळ ठेवून होते. कार्डिगन ही एसी सोळावर ठेवण्याची परवानगी नव्हे, हे मात्र ऑफिसच्या व्यवस्थापनाला सांगायला हरकत नाही.

जाडीनंतर धागा. मुंबईत खरी अडचण थंडीची नसून घामाची असते: भिजलेला शर्ट गार हवेत वाळू लागला की अंगातली उष्णता ओढून घेतो, आणि माणसाला वाटते आपल्याला थंडी वाजते आहे. म्हणून धागा निवडताना तो किती पाणी सामावून घेतो हे पाहावे. प्रमाणित हवेत लोकर आपल्या वजनाच्या सुमारे सोळा टक्के ओलावा धरते, सूत साडेआठ टक्के, अॅक्रिलिक दीड-दोन टक्के आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. लोकरीची खुबी अशी, की तिने ओलावा शोषलेला असला तरी हाताला ती ओली लागत नाही. बारीक मेरिनो लोकरीचा पातळ कार्डिगन म्हणूनच दमट शहरातही सुसह्य असतो, ही गोष्ट अनेकांना पटत नाही, कारण लोकर म्हटले की टोचणारे घोंगडे आठवते. घोंगड्याची लोकर दख्खनी मेंढीची. तिचा तंतू जाड आणि राठ, पावसात धनगराच्या पाठीवर तीच हवी. वीस मायक्रॉनच्या आतली मेरिनो ही वेगळीच वस्तू आहे. तिचा दोष एकच, किंमत. सुती कार्डिगन स्वस्त, धुवायला सोपा आणि मरोळच्या बहुसंख्य वाचकांना मी आधी हाच सुचवेन. फक्त शुद्ध सुती विणीचा कपडा वजनाने खाली ओघळतो, कोपरांशी पिशव्या धरतो, म्हणून त्यात थोडे नायलॉन मिसळलेले असले तर बरे. अॅक्रिलिकवर सरसकट नाके मुरडण्यात अर्थ नाही. लुधियानाचा बहुतांश स्वस्त माल त्याचाच, आणि हिवाळ्यात शहराशहरांत फुटपाथवर दुकाने मांडणारे तिबेटी विक्रेते तोच आणतात. रंग छान, कसर लागत नाही, मशीनमध्ये टाकता येतो. पण घाम तो शोषत नाही, काखेत आणि पाठीवर चिकटतो, आणि काही महिन्यांत त्यावर गोळे धरतात. रात्रीच्या प्रवासाला चालेल, आठ तास बसून काम करायला नको. धागा कुठलाही असो, ऑफिसात पोचल्या पोचल्या कार्डिगन चढवू नये. दहा मिनिटे थांबून शर्ट वाळू द्यावा, मग घालावा. नाहीतर घामाचा ओलावा आत कोंडला जातो.

मापाच्या बाबतीत तीन ठिकाणे पाहिली की पुरे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे. विणीचा कपडा पुढे सैल होतोच, त्यामुळे दुकानातच ढगळ असलेला वर्षभरात पोते होतो. सगळी बटणे लावून खुर्चीत बसावे. बटणांच्या मधे फटी पडल्या तर एक माप मोठे घ्यावे, ‘उघडाच घालीन’ अशी स्वतःची समजूत घालू नये. तिसरी गोष्ट बटणपट्टी. चांगल्या कार्डिगनच्या पट्टीला आतून फीत लावलेली असते, त्यामुळे काजे ताणली जात नाहीत. ती नसेल तर शिंप्याकडून लावून घेता येते आणि खर्च फारसा येत नाही. साडीवर घालायचा असेल तर कमरेपर्यंतचाच आखूड घ्यावा, म्हणजे निऱ्या झाकल्या जात नाहीत, आणि ब्लाउजवर आधी कार्डिगन घालून पदर वरून घेतला तर पाठीवर गोळा होत नाही. पंजाबी ड्रेसवर मांडीपर्यंतचा, बाजूच्या फाटी जिथे सुरू होतात तिथवरचा बरा दिसतो. पुरुषांनी कॉलर आत ठेवावी, शेवटचे बटण मोकळे सोडावे आणि बाह्या मनगटावर थांबतात ना ते पाहावे. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्यावर मात्र पुरुषांनी कार्डिगन टाळावा. तिथे बंडीच शोभते. रंगाविषयी मते अनेक, पण पहिला घेत असाल तर गडद निळा किंवा राखाडी घ्या. ऑफिसच्या खुर्चीवर आठवडाभर पडून राहिलेल्या कपड्याचा मळ हे रंग लपवतात.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा झिपचा हुडी काय वाईट, असे तरुण वाचक म्हणतील. हुडी उबदार आहे, पण त्याचे कापड जाड सुती, आतून लव असलेले. जुलैत तो भिजला तर दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. ब्लेझरला आत अस्तर असते, त्यात घाम कोंडतो. हात वर करून गाडीतली कडी धरली की तो खांद्यात आवळतो, आणि काढला तर टांगायला जागा हवी. शाल-स्टोल सुरेख, पण टाइप करताना घसरते आणि एक हात तिच्या तैनातीत राहतो. तरीही ब्लेझरची जागा कार्डिगन घेऊ शकतो असा दावा मी करणार नाही. मुलाखत, न्यायालय, बँकेच्या मोठ्या साहेबांपुढची बैठक, अशा ठिकाणी कडक खांद्यांचा कपडाच हवा. पावसातही कार्डिगन कुचकामी. जून ते सप्टेंबर तो ऑफिसच्या खणातच ठेवावा, घरून नेऊ-आणू नये. राहिला ‘म्हातारा दिसतो’ हा आक्षेप. ती बदनामी जाड, फिक्या बदामी रंगाच्या, खिसे लोंबणाऱ्या कार्डिगनने ओढवून आणली आहे. पातळ आणि अंगाबरोबर बसणारा घातला तर त्यात वय दिसत नाही. आणि गंमत अशी, की हाच ‘आजोबांचा’ स्वेटर रॉक गायक कर्ट कोबेनने १९९३ साली एमटीव्हीच्या कार्यक्रमात घातला, तो त्याच्या मृत्यूनंतर २०१९ च्या लिलावात तीन लाख डॉलरांच्या वर गेला, तोही न धुतलेला.

आपण मात्र धुवावा, आणि नीट. शर्टावरून घालत असल्याने तो रोज मळत नाही. सात-आठ वेळा घालून झाल्यावर धुतला तरी चालतो, फक्त मधेमधे रात्रभर खुर्चीवर पसरून वारा द्यावा. सुती कार्डिगन जाळीच्या पिशवीत घालून मशीनमध्ये हलक्या धुलाईवर टाकता येतो. लोकरीला गार पाणी आणि रिठे. कोमट पाण्याचाही मोह नको, आणि चोळणे-पिळणे तर नाहीच, कारण तंतू एकमेकांत गुंतून कपडा आटतो तो परत सुटत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि पंख्याखाली आडवा पसरावा. दोरीवर टांगला की बाह्या लांबतात. लोकर वास फार लवकर धरते, त्यामुळे मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातून जायचे असेल तर कार्डिगन बॅगेच्या तळाशी ठेवलेला बरा. पावसाळ्यात खरा शत्रू कसर. तिच्या अळ्यांना लोकरीवर साचलेला घाम आणि तेलकटपणा आवडतो, म्हणून लोकरीचा कार्डिगन पावसाळ्यात वापरणार नसाल तर मे महिन्याच्या शेवटी धुऊन, कडक उन्हात उलटा करून वाळवून, हवाबंद पिशवीत ठेवावा, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा बाहेर काढावा. डांबराच्या गोळ्या ठेवल्यास कपडा वापरण्यापूर्वी दोन दिवस वाऱ्यावर सोडावा. तान्ह्या मुलांच्या कपड्यांत त्या ठेवूच नयेत, काही बाळांना त्यांच्या वाफेने गंभीर त्रास होतो. काखेत किंवा कोपरावर छिद्र पडले तर ते लहान आहे तोवर रफूगाराकडे न्यावे, कारण विणीचा एक टाका सुटला की खालची ओळ उसवत जाते. खरेदी करतानाच आतल्या शिवणीला लावलेले जादा बटण आणि धाग्याचा तुकडा जपून ठेवला, तर रफूला रंग शोधत बसावे लागत नाही.